पल्लावरमचा खडक

वास्तूचा इतिहास बहुधा ती बांधवून घेणाऱ्याच्या नावाने सांगितला जातो. दगड कोणत्या खाणीतला, हे क्वचितच विचारले जाते. चेन्नईनजीकच्या पल्लावरमचा काळसर, कठीण खडक याचा बोलका दाखला आहे. कलकत्त्याच्या सेंट जॉन्स चर्चच्या आवारातील जॉब चार्नॉकच्या थडग्याची शिळा याच जातीच्या खडकाची. १८९३ साली भूवैज्ञानिक टी. एच. हॉलंड यांनी तिचा अभ्यास करून या खडकाला ‘चार्नोकाइट’ हे नाव दिले. त्याआधी, १८६३ मध्ये, पल्लावरमलाच रॉबर्ट ब्रूस फूट यांना पुराश्मयुगीन हातकुऱ्हाड सापडली होती. दगड घडवणारे हात येथे इतिहासपूर्व काळापासून होते. खडकाला मात्र ना त्याच्या भूमीचे नाव लाभले, ना तो फोडणाऱ्या पाथरवटाचे. लाभले ते शिळेखाली निजलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्याचे.