भिंतीआडची बाग

लग्न होऊन सावंगीस आल्याला मला वीस वर्षे झाली. वर्धेच्या बाजारात किती खेपा घातल्या त्याला गणती नाही. तरी मगनवाडीच्या फाटकातून आत पाऊल टाकले ते अगदी परवा, चैत्रातल्या एका दुपारी. तेही ऑटो मिळेना आणि ऊन डोक्यावर आलेले म्हणून. वाटले, घटकाभर झाडाखाली उभे राहावे. आत शिरले आणि रस्त्यावरचा गलका मागे राहिला. मोठी झाडे, जमिनीवर उन्हाचे कवडसे, मध्येच एखाद्या पाखराचा आवाज. भर गावात एवढी सावली आहे हे ठाऊक नव्हते याची, भगिनींनो, लाज वाटली. मग घरी येऊन जे वाचले ते येथे सांगते.

ही बाग जमनालालजी बजाज यांची. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. श्रीकृष्णदास जाजू त्याचे अध्यक्ष आणि जे. सी. कुमारप्पा चिटणीस. संघाला जागा हवी होती. जमनालालजींनी आपली बाग आणि तीतले घर देऊन टाकले. १९२८ साली निवर्तलेले गांधीजींचे पुतणे मगनलाल यांचे नाव तिला मिळाले. गांधीजी १९३५ च्या आरंभी येथे राहावयास आले आणि १९३६ च्या एप्रिलअखेर शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले. महादेवभाई देसाई मात्र त्यानंतरही येथेच राहून रोज पायी सेवाग्रामला जाऊन येत. वर्धेचे ऊन आपणांस का सांगावयास हवे!

मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. या बागेत देशाचे पुढारी येत, आणि विचार चाले तो हातसडीच्या तांदळाचा, घाणीच्या तेलाचा, जात्यावरच्या पिठाचा. आपण बायका जे न बोलता करीत आलो, त्याचे येथे शास्त्र मांडले जात होते. स्वयंपाकघराची व्यवस्था गांधीजींनी स्वतःकडे घेतली होती. कडुनिंबाचा पाला पानात असे, आणि १९३५ साली सोयाबीन खाऊन पाहण्याचा प्रयोगही येथेच झाला. आज आपल्या शिवारात कपाशीच्या जोडीला सोयाबीनच दिसते. पण ते जाते तेलाच्या कारखान्यात, आपल्या पानात नव्हे.

एक आठवण सांगतात. भांडी घासण्याची पाळी गांधीजी व कुमारप्पा यांची होती. कस्तुरबा आल्या, तुम्हांला दुसरी कामे नाहीत का म्हणून रागावल्या आणि हातचे भांडे काढून घेतले. गांधीजी हसून कुमारप्पांना म्हणाले, तुम्ही भाग्यवान, हुकूम करायला तुम्हांला बायको नाही. (कुमारप्पा अविवाहित होते.) माझी सहानुभूती बांकडे आहे. पुरुषमाणसाने घासलेले भांडे पुन्हा घासावेच लागते.

याच आवारात ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. गावच्या कारागिरांची अवजारे तेथे मांडलेली. चरखे, घाणी पाहिल्या आणि मला आमचे जाते आठवले. सासूबाई होत्या तोवर ते फिरत असे. त्यांच्या मागे मी ते परसात नेले आणि त्यावर तुळशीची कुंडी ठेवली. कुंडीला बैठक बरी झाली म्हणून शेजारणींनी कौतुकही केले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडी उतरवून पाहिली. दोन्ही तळ्या शाबूत आहेत. खुंटा मात्र नाही.