पोटरीचे स्नायू

गुडघ्यामागील खळगीपासून टाचेकडे निमुळता होत गेलेला पायाचा मांसल भाग म्हणजे पोटरी. तिचा आकार प्रामुख्याने एकावर एक असलेल्या दोन स्नायूंमुळे घडतो. वरचा गॅस्ट्रॉक्नेमिअस मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी दोन शाखांनी उगम पावतो. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थ ‘पायाचे पोट’. मराठी ‘पोटरी’ उच्चारतानाही पोटच आठवते. त्याखालचा सोलिअस रुंद व चपटा असून गुडघ्याखालच्या दोन्ही हाडांपासून निघतो. ज्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव मिळाले, तो चपलेसाठी आणि चपट्या माशासाठीही वापरला जाई. गोव्यातील लेपो त्याच जातकुळीचा. दोन्ही स्नायू खाली अकिलिस कंडरेत एकवटतात. शरीरातील सर्वांत जाड व बळकट अशी ही कंडरा टाचेच्या हाडाला जोडलेली असते.

टाच उचलणे हे दोघांचेही काम. धावताना वा उडी मारताना जोर लावतो तो गॅस्ट्रॉक्नेमिअस; मात्र तो लवकर थकतो. सोलिअस सावकाश, पण दीर्घकाळ राबतो. माणूस नुसता उभा असला तरी त्याचे शरीर पुढे झुकू न देण्याचे काम तो करीत असतो.

पोटरीला ‘दुसरे हृदय’ म्हणतात, ते उगीच नव्हे. पायांतील अशुद्ध रक्ताला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढावे लागते. चालताना पोटरी आकुंचन पावली की आतल्या खोल शिरा दाबल्या जातात व रक्त वर ढकलले जाते. शिरांतील झडपा ते मागे फिरू देत नाहीत. तासन्‌तास बसून किंवा एका जागी उभे राहून हा पंप थंडावला, की पाय सुजतात. दीर्घ प्रवासात अधूनमधून टाचा वर-खाली कराव्यात, असे सांगतात ते याचसाठी.

पोटरी दुखली की घरोघरी तेलाची वाटी पुढे येते. रात्री वांब आला असेल, तर पायाचा पंजा स्वतःकडे ओढून पोटरी ताणल्याने आराम पडतो. परंतु एकाच पायाला सूज, उष्णपणा आणि सतत वेदना असतील, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर किंवा बराच काळ अंथरुणास खिळल्यावर, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशी पोटरी कदापि चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात अडकल्यास जीवावर बेतते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि सोबत धाप लागत असेल वा छातीत दुखत असेल, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे.