गॅरेजचा उंबरठा

मोटार चालविणारी स्त्री आतां आपल्या शहरांतून कोणास नवलाची राहिलेली नाहीं. परंतु तीच मोटार वाटेंत खोकूं लागली व दुरुस्तीस न्यावी लागली, म्हणजे प्रकार निराळा होतो. प्रश्न बाई विचारतात आणि उस्ताद उत्तर देतो तें त्यांच्या बरोबर आलेल्या भावास किंवा पतीस. बाई एकट्याच असल्या तर "साहेबांना पाठवा" एवढ्यावर पुष्कळदां बोळवण होते. बसावयास धड जागा नसते, आणि गाडीचें काय बिघडलें हें विचारावें तर ऐकणाऱ्यास तो उद्धटपणा वाटतो. लोक याला धंद्याचा स्वभाव म्हणतात. लोखंड, तेल व काजळी यांचें स्त्रीशीं मुळांतच जमावयाचें नाहीं, असा त्यांतील ध्वनि. इतिहास पाहूं गेल्यास मात्र हा स्वभाव बराच अलीकडचा दिसतो.

मोटारीचा पहिला दूरचा प्रवास एका स्त्रीनें केला, आणि वाटेंतील दुरुस्तीही तिनेंच निभावली. जर्मनींतील मानहाइम येथें कार्ल बेंझ यानें आपली तीनचाकी गाडी तयार केली होती, पण गिऱ्हाइकांचा तिजवर विश्वास बसेना. ऑगस्ट १८८८ मध्यें त्याची पत्नी बर्था ही नवऱ्यास न सांगतां दोघां मुलांसह त्या गाडींतून माहेरीं, फोर्ट्सहाइमला निघाली. वाट शंभर किलोमीटरांहून थोडी अधिक. इंधनाची नळी तुंबली ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. उघड्या पडलेल्या तारेस मोज्याचा बंद गुंडाळला. वीसलोखच्या औषधाच्या दुकानांतून इंधन विकत घेतलें. साखळीसाठीं लोहार गांठला, आणि झिजलेल्या ब्रेकवर चांभाराकडून कातडें ठोकवून घेतलें. त्या वेळीं गॅरेज नांवाची वस्तूच नव्हती. त्यामुळें त्याचा उंबरठाही नव्हता.

पुढें मोटारी वाढल्या व त्यांची दुरुस्ती लोहार, गाडीवाले, सायकलवाले यांच्या हातीं गेली. हे धंदे बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून पोऱ्याकडे जाणारे. विद्या तोंडी, हात पाहून शिकावयाची; जो दुकानांत नाहीं त्यास ती नाहीं. दार बंद झालें तें येथें, असें आम्हांस वाटतें. कोणी आज्ञा काढून तें लावलें नाहीं, म्हणूनच तें उघडणेंही कठीण झालें. १९०९ सालीं डोरोथी लेव्हिट या इंग्रज बाईनें स्त्रियांसाठीं मोटारीवर एक पुस्तक लिहून ती विद्या दुकानाबाहेर आणण्याचा यत्न केला. हाताचा आरसा जवळ बाळगून मागची वाट त्यांत पाहावी, असा सल्ला तींत आहे. बायकांच्या आरशास हंसणारे पुढें तोच आरसा आपल्या गाड्यांस लावूं लागले!

या इतिहासांतील सर्वांत मननीय प्रकरण मात्र ऑस्ट्रेलियांत घडलें. ॲलिस अँडरसन ही एका स्थापत्यविशारदाची कन्या, जन्म १८९७ चा. मेलबर्नजवळील ब्लॅक स्पर या डोंगराळ वाटेवर उतारूंची ने-आण करीत तिनें मोटारीचें काम आत्मसात् केलें, आणि १९१९ सालीं, अवघ्या बाविशीच्या सुमारास, मेलबर्नच्या क्यू उपनगरांत स्वतःचें गॅरेज उभारलें. तेथें काम करणाऱ्या सर्व स्त्रियाच. पेट्रोल मिळे, दुरुस्ती होई, गाडी चालविण्याचे धडे दिले जात, भाड्यानें गाडी व चालक मिळत, सहलीही निघत. शिकाऊ मुली तेथेंच यंत्राचें काम शिकत. गाडीखालीं शिरण्याकरितां चाकें लावलेली फळी तिनें स्वतः बनविली होती, असें सांगतात. १९२६ सालीं जेसी वेब या इतिहासाच्या अध्यापिकेस घेऊन ती चिमुकल्या ऑस्टिन गाडींतून खंडाच्या मध्यभागीं, ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत गेली. परत आल्यावर थोड्याच दिवसांत, सप्टेंबरांत, गॅरेजमध्येंच बंदूक साफ करतांना ती उडून तिचा अंत झाला. चौकशींत तो अपघात ठरला. वय एकोणतीस. गॅरेज तिच्यामागें कांहीं वर्षें चाललें. क्यूच्या या गॅरेजांत स्त्रीनें संकोचून उभें राहावें असें कांहीं नव्हतें. पण तें रंगरंगोटीमुळें नव्हे. समोर हातोडा घेऊन उभी असलेलीच स्त्री होती, आणि तिला प्रश्न विचारणें हा गिऱ्हाइकाचा हक्क होता.

दुसऱ्या महायुद्धानें दार पुन्हां किलकिलें केलें. १९४५ सालीं ब्रिटनची राजकन्या एलिझाबेथ ही देखील सैन्याच्या स्त्रीशाखेंत मोटारीचें यंत्र उघडावयास शिकली. युद्धाची गरज सरली तशी अशा कामांवरील बहुतेक स्त्रियांस रजा मिळाली.

दार लोटलेलें असण्यानें तोटा कोणाचा होतो, याचा रोकडा हिशेब अमेरिकेंतील एका संशोधनानें मांडला. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या या पाहणींत टोयोटा कॅम्री गाडीचा रेडिएटर बदलण्याचा दर अनेक दुकानांस दूरध्वनीवरून विचारण्यांत आला. योग्य दराची आपणांस कल्पना नाहीं असें म्हणणाऱ्या स्त्रीस पुरुषापेक्षां जास्त दर सांगितला गेला. परंतु अपेक्षित रक्कम तिनें आधींच सांगितली कीं हा फरक नाहींसा झाला. म्हणजे भाव लिंगावर नसून लिंगावरून केलेल्या अज्ञानाच्या अटकळीवर ठरत होता. गॅरेजच्या चालकांनीं दर फळ्यावर लिहून ठेवावे, बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातीं द्यावा, कामाचें कारण त्यास—मग तें पुरुष असो वा स्त्री—समजेल अशा शब्दांत सांगावें, हा आग्रह आम्ही धरतों तो याचसाठीं. खुर्च्या व पडदे मागाहून आले तरी चालतील.

फिलाडेल्फियाजवळ अपर डार्बी येथें पॅट्रिस बँक्स या बाईंनीं २०१७ सालीं जें गॅरेज काढलें, तेथें मात्र दोन्ही सोयी होत्या. शेजारच्या दालनांत नखें रंगवून घेण्याची व्यवस्था होती, हें वाचून कित्येकांच्या कपाळास आठ्या पडतील. पण बँक्स बाई स्वतः अभियंत्या; गॅरेजवाल्यांपुढें आपण भांबावतों याची चीड येऊन त्यांनीं मोटारदुरुस्तीच्या शाळेंत नांव घातलें होतें. स्त्रियांना बॉनेट उघडून गाडीची ओळख करून देण्याचे वर्ग त्यांनीं आपलें गॅरेज निघण्यापूर्वींच सुरू केले होते.