घाटातल्या खेकड्याला गिऱ्हाईक किती?

पुण्यात ‘छोटी आगगाडी’ म्हटलं की दोन गोष्टी हटकून आठवतात. एक पेशवे पार्कातली फुलराणी. ती ८ एप्रिल १९५६ रोजी सुरू झाली आणि पुणेकरांच्या किमान तीन पिढ्या तिच्यात बसल्या. दुसरी, कोथरूडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून ते उभं केलं आणि १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. सिग्नल, पूल, घाट, सर्कशीचा तंबू आणि त्यांमधून धावणाऱ्या बोटभर उंचीच्या गाड्या पाहून बाहेर पडताना मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: ‘आपली डेक्कन क्वीन अशी विकत का मिळत नाही?’

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर शोधताना मला सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळावा लागला.

जर्मनीतल्या गोपिंगेन गावी १८५९ मध्ये मेर्कलिन नावाचा कारखाना निघाला. बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातली पत्र्याची भांडी तिथं बनत. बाहुलीच्या घरात एकदा चूल आली, की मागाहून भांडी, कपाट असं काहीतरी घेतलंच जातं. हेच गणित त्यांनी आगगाडीला लावलं. १८९१ च्या लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी चावीची गाडी मांडली आणि तिच्या रुळांची मापं ठरवून दिली. आज इंजिन घ्या, पुढच्या नाताळात डबे घ्या, त्याच्या पुढच्या वर्षी पूल घ्या. सगळं एकमेकांना जुळणार. इंग्लंडमध्ये ‘मेकॅनो’वाल्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये हीच वाट धरली. तेव्हा गिऱ्हाईक होतं दहा वर्षांचा मुलगा. इंजिन खऱ्यासारखं दिसतं की नाही, याची त्याला फारशी फिकीर नव्हती. पत्र्यावर रंग वेगळा छापला, की नवी गाडी तयार!

पुढं तो मुलगा मोठा झाला आणि खेळण्याचा छंद झाला. आता त्याला इंजिनावरचा प्रत्येक खिळा जागच्या जागी हवा. १९६२ सालचं इंजिन १९६४ च्या रंगात आलं, तर तो रागावून पत्र लिहितो. हौस वाढली, पण हौशी मंडळींची संख्या मात्र कमी झाली. कारखानदाराची खरी कोंडी इथून सुरू झाली.

कारण अशा प्रतिकृतीचा मोठा खर्च पहिला नग विकण्याआधीच होऊन जातो. खऱ्या इंजिनाची मापं घ्यायची, आराखडे काढायचे आणि पोलादाचे साचे कोरून घ्यायचे. एकदा साचा झाला, की त्यातून पाचशे नग काढा नाहीतर पाच हजार, साच्याचा खर्च तोच. समजा, साच्यांना ८० लाख रुपये लागले. गाड्या ४,००० खपल्या, तर प्रत्येकीवर २,००० रुपयांचा बोजा पडतो. ५०० च खपल्या, तर तोच बोजा १६,००० होतो. किंमत तेवढी वाढवली, की त्या पाचशेतलेही दोनशे जण माघार घेतात. म्हणजे मागणी कमी म्हणून किंमत जास्त आणि किंमत जास्त म्हणून मागणी आणखी कमी. या भोवऱ्यात सापडण्यापेक्षा कारखानदार साचा कोरण्याआधीच योजना रद्द करतो.

पण मागणी किती, हे आधी कळावं कसं? त्यासाठी आगाऊ नोंदणी. हा प्रकार मराठी वाचकाला नवा नाही. ‘प्रकाशनपूर्व सवलत’ आपल्याला पाठ आहे. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ज्ञानकोशासाठी रीतसर लिमिटेड कंपनी काढली, गावोगाव फिरून वर्गणीदार मिळवले आणि २३ खंड पुरे केले. हाती वर्गणीदार नसते, तर एवढं मोठं काम केवळ विद्वत्तेच्या बळावर उभं राहणं कठीण होतं.

आगगाड्यांचे कारखानदारही आता हेच करतात. चित्र दाखवतात, तारीख देतात आणि नोंदणी मागवतात. आकडा गाठला तर साचा कोरायचा, नाही तर योजना मागे घ्यायची. यातली गंमत, खरं तर दुःख, असं की पुष्कळ हौशी माणसं मनानं गाडी घेऊन बसलेली असतात. पण ‘बघू, बाजारात आली की घेऊ’ म्हणून नाव नोंदवत नाहीत. शंभर जणांनी असं ‘बघू’ म्हटलं, की कारखानदाराच्या वहीत शून्य पडतं. गाडी रद्द झाल्यावर सर्वांत मोठ्यानं हळहळतात तेही हेच! पुस्तकांच्या दुनियेतही हे दृश्य अनोळखी नाही.

शिवाय काळही बदलला. १९९० च्या दशकापासून हॉर्नबीसारख्या कंपन्यांचं उत्पादन चीनमध्ये गेलं. दुसऱ्याच्या कारखान्यात काम करून घ्यायचं, म्हणजे तो मागेल तेवढे नग घ्यावेच लागतात. दोनशे गाड्यांसाठी तो यंत्र अडवून ठेवत नाही. अंदाज चुकला की मोठी नावंही कोसळतात. इटलीची लिमा कंपनी २००४ मध्ये बुडाली आणि तिची नावं व साचे हॉर्नबीनं घेतले. खुद्द मेर्कलिननं २००९ मध्ये, आपल्या दीडशेव्या वर्षी, दिवाळखोरी जाहीर केली. पुढं २०१३ मध्ये तिला नवा मालक मिळाला. हे पाहिल्यावर, एखादी गाडी वेळीच रद्द करणारा कारखानदार मला भित्रा वाटत नाही. लोकांचे पैसे परत करून ‘जमत नाही’ म्हणणं हाही व्यवहारातला सच्चेपणाच आहे.

आता आपल्या घाटाकडे येऊ. १९२८ च्या सुमाराला मुंबई–पुणे मार्गासाठी विजेची इंजिनं आली. त्यांत मालगाड्या ओढणारं एक लांब नाकाचं, मध्ये सांधे असलेलं इंजिन होतं. त्याचं नाव डब्ल्यूसीजी-१. त्याच्या चमत्कारिक आवाजामुळं रेल्वेतली माणसं त्याला ‘खेकडा’ म्हणत. अशी ४१ इंजिनं होती. त्याचा स्वित्झर्लंडमधला भाऊबंद म्हणजे गोट्टहार्ड घाटातली ‘मगर’. मेर्कलिननं १९४७ पासून त्या मगरीची प्रतिकृती पुन्हा पुन्हा काढली आणि ती जगभर खपली. आपल्या खेकड्याची कारखान्यातून निघालेली प्रतिकृती मात्र मी कुठल्याही दुकानाच्या फळीवर पाहिलेली नाही.

याची कारणं रुळांपासूनच सुरू होतात. जगात सर्वांत जास्त चालणारं ‘एचओ’ हे माप खऱ्या गाडीच्या एक सत्त्याऐंशीवा भाग असतं. युरोपातले रूळ १,४३५ मिलिमीटर अंतराचे, म्हणून छोटे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. त्याच मापानं तो १९ मिलिमीटरच्या वर जातो. म्हणजे आपलं इंजिन एकतर अरुंद रुळांवर उभं करा, नाहीतर रुळांसकट सगळं नव्यानं घडवा. दुसरं म्हणजे, कित्येक वर्षं परदेशी खेळणी आणणं परवान्यांत अडकलेलं होतं. उपभोग्य वस्तूंवरची ती बंधनं २००१ मध्ये सुटली. नंतर आयात खेळण्यांवरची जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाली. देशी खेळण्यांना त्याचा आधार मिळाला असेल. पण ज्या छंदाचं सामानच परदेशातून येतं, तो पसरणार कसा? आणि छंद पसरला नाही, तर नोंदणी कोण करणार?

यातून एक वाट दिसते आहे. संगणकावर आराखडा काढून थ्री-डी छपाईनं इंजिनाचं वरचं कवच दहा-वीस नगांतही करता येतं. साच्याचा खर्च वाचतो; खाली मोटर आणि चाकं तयार घेता येतात. पण आराखडा काढायला मापं हवीत, रंग ठाऊक हवा, आतल्या खटक्यांची जागा माहीत हवी. ती माहिती ज्यांच्या डोक्यात आहे, ती घाटात काम केलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.

डेक्कन क्वीनचेच घ्या. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या या गाडीला जून २०२२ मध्ये नवे एलएचबी डबे लागले. जुन्या डब्यांत बसून ज्यांनी वर्षानुवर्षं नोकऱ्या केल्या, त्यांच्या घरी फोटो असतील, पास असतील, आठवणी असतील. त्या रद्दीत जाऊ देऊ नका. तारीख घालून, नीट लिहून ठेवा. कारखानदार आज आपली गाडी काढत नसेल, कारण त्याला पाचशे गिऱ्हाइकं हवीत. जोशींसारख्या माणसाला मात्र एकच गाडी घडवायची असते आणि त्याला हवी असते ती नेमकी माहिती. ती देणं आपल्या हातात आहे. आणि एखाद्यानं आपल्या गाडीसाठी खरोखरच नोंदणी उघडली, तर तेवढं ‘बघू’ म्हणू नका.