पडद्यावरील खेळ आणि खेळगडी

गेलेला काळ माणसाला नेहमीच गोड वाटतो. पेशवाई बुडाल्यावर तिच्या आठवणींनी डोळे ओले करणारे वृद्ध पुण्यात होते, आणि बोलपटाने संगीत नाटकाला मागे सारले तेव्हा त्या नाटकाच्या रात्री आठवून उसासे टाकणारे रसिकही होते. आता ही पाळी दूरचित्रवाणीवर आली आहे. पन्नाशी ओलांडलेली चार माणसे एकत्र बसली की बोलता बोलता जुन्या प्रश्नमंजूषेची, शब्दांच्या खेळाची, गाण्याच्या भेंड्यांची गोष्ट निघते, आणि ‘तसे खेळ आता राहिले नाहीत’ या वाक्यावर ती थांबते. हे वाक्य कितपत खरे आहे, आणि त्यात नेमके कशाचे दुःख आहे, याचा शोध इतिहासाच्या आधाराने घ्यावयाचा आहे.

आपल्या देशात या कथेचा आरंभ दिल्लीत होतो. १५ सप्टेंबर १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील प्रायोगिक दूरचित्रवाणीचे उद्घाटन झाले. आकाशवाणी भवनातील तात्पुरता स्टुडिओ, कमी शक्तीचे प्रक्षेपण यंत्र आणि युनेस्कोचे साहाय्य एवढ्या भांडवलावर हा संसार थाटला गेला. आरंभीच्या कर्त्या माणसांत आपले पु. ल. देशपांडे होते. पंडित नेहरूंची दूरचित्रवाणीवरील पहिली मुलाखत त्यांनीच घेतली, ही गोष्ट मराठी माणूस आजही अभिमानाने सांगतो. त्या वेळी घरोघरी संच नव्हते. सार्वजनिक ठिकाणी संच ठेवून ‘टेलिक्लब’ नावाची मंडळे स्थापण्यात आली होती. माणसे एकत्र जमून कार्यक्रम पाहत आणि पाहून झाल्यावर त्याविषयी चर्चा करीत. पुढे २६ जानेवारी १९६७ रोजी ‘कृषिदर्शन’ सुरू झाले, तेव्हाही दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांत असेच सामुदायिक संच बसविण्यात आले. पाहणे हे आपल्याकडे प्रथम एकट्याचे काम नव्हते, ते चारचौघांचे होते. पुढील विवेचनासाठी ही गोष्ट लक्षात ठेवावयास हवी.

दिल्लीत हा शुभारंभ होत असताना अमेरिकेत पडद्यावरील खेळांनी आपले भाग्य आणि दुर्भाग्य दोन्ही पाहून घेतले होते. २ फेब्रुवारी १९५० रोजी तेथे ‘व्हॉट्स माय लाइन?’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि तो १९६७ पर्यंत चालला. त्याची रचना मोठी मौजेची होती. चार नामवंत मंडळी एका मेजापाशी बसत. समोर एखादा सामान्य गृहस्थ येऊन फळ्यावर आपले नाव लिही, आणि त्याचा व्यवसाय कोणता हे त्या नामवंतांनी प्रश्न विचारून ओळखावयाचे असे. उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’. प्रत्येक नकाराला पाच डॉलर, आणि दहा नकार मिळाले की पन्नास डॉलर घेऊन पाहुणा विजयी. शेवटी एखादी प्रसिद्ध व्यक्ती येई, तेव्हा परीक्षकांचे डोळे बांधले जात आणि पाहुणा आवाज बदलून बोले. येथे ज्ञान सामान्य माणसापाशी होते आणि अज्ञान नामवंतांपाशी. चाचपडावयाचे ते मोठ्यांनी, आणि हसावयाचे ते आपण!

पण ज्या खेळांत बक्षिसाची रक्कम फुगत गेली, तेथे निराळेच घडले. ‘ट्वेंटीवन’ या प्रश्नमंजूषेत चार्ल्स व्हॅन डोरेन नावाच्या तरुण प्राध्यापकाने सव्वा लाखाहून अधिक डॉलर मिळवले आणि तो राष्ट्राचा लाडका झाला. २ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे त्याने कबुली दिली, की प्रश्न आणि उत्तरे आपल्याला आधीच पुरविली जात होती. दिल्लीत दूरचित्रवाणी जन्मास येऊन तेव्हा जेमतेम सात आठवडे झाले होते. ‘जुने ते सारे निर्मळ’ असे म्हणणाऱ्यांनी हा योगायोग ध्यानात धरावा. जुन्या काळातही लबाडी होती, आणि ती जेथे पैसा मोठा झाला तेथे प्रथम शिरली.

आपल्याकडे पैसा नव्हता. त्यामुळे तो मोहही फारसा नव्हता. १९६५ मध्ये दिल्लीचे प्रक्षेपण नित्याचे झाले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र उघडले आणि त्याच वर्षी तेथे ‘व्हॉट्स द गुड वर्ड?’ हा शब्दांचा खेळ सुरू झाला. सबीरा मर्चंट यांच्या सूत्रसंचालनाखाली तो १९८७ पर्यंत, म्हणजे तब्बल पंधरा वर्षे चालला. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. १९८२ च्या १५ ऑगस्टला दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंग आले, आणि दिल्लीत जे दिसे ते नागपुरात, इंदुरात आणि बडोद्यातही एकाच क्षणी दिसू लागले. १९८४ मध्ये ‘हम लोग’ या मालिकेने प्रायोजित कार्यक्रमांची वाट मोकळी केली. या पार्श्वभूमीवर १९८५ मध्ये ‘क्विझ टाइम’ अवतरले.

सिद्धार्थ बसू हे दिल्लीच्या इंग्रजी रंगभूमीवर वावरलेले तरुण गृहस्थ या कार्यक्रमाचे प्रश्नकर्ते होते. खेळाडू म्हणजे देशातील महाविद्यालयांचे विद्यार्थी. बसू काही आधीपासून नामवंत नव्हते. त्यांना नाव मिळाले ते खेळातून, नेमक्या उच्चारातून आणि उत्तर चुकले तरी न ढळणाऱ्या सौजन्यातून. अमेरिकेत प्रसिद्ध माणसे खेळावयास बसली. आपल्याकडे खेळावयास बसलेली माणसे प्रसिद्ध झाली. रविवारी रात्री ज्या मुलांची नावे घरोघरी उच्चारली जात, ती सोमवारी आपापल्या महाविद्यालयात पुन्हा इतरांसारखीच बाकांवर बसत असत. कीर्ती इतकी लहान होती की ती शेजाऱ्याच्या ओसरीवर मावत असे.

तथापि गोडव्याच्या भरात एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. हे दोन्ही खेळ इंग्रजीत होते. ज्यांना ती भाषा येई ते उत्तर देत, ज्यांना येत नसे ते उत्तर देणाऱ्यांकडे पाहत. ‘आम्ही सारे मिळून पाहत होतो’ हे खरे, पण ‘आम्ही सारे मिळून खेळत होतो’ हे तितकेसे खरे नाही. शेजारच्या घरी सतरंजीवर बसलेल्या मुलांपैकी कित्येकांच्या वाट्याला केवळ कौतुक आले. १९९३ मध्ये झी वाहिनीवर अन्नू कपूर यांनी ‘अंताक्षरी’ सुरू केली, तेव्हा ही भिंत बरीचशी खाली आली. गाण्याच्या भेंड्या खेळावयास ना इंग्रजी लागे ना विद्यापीठाची पदवी. सहलीच्या मोटारीत आणि लग्नघरच्या जागरणात चालणारा आपला जुनाच खेळ पडद्यावर जाऊन बसला होता.

मग ३ जुलै २००० हा दिवस उगवला. एका ब्रिटिश कार्यक्रमाच्या नमुन्यावर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले. त्यामागे पुन्हा सिद्धार्थ बसूच होते, पण प्रश्नकर्त्याच्या आसनावर होते अमिताभ बच्चन. त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे या मराठी तरुणाने पहिला कोटी जिंकला, आणि महाराष्ट्रात घरोघरी जणू आपलाच मुलगा उत्तीर्ण झाल्याचा आनंद झाला. या कार्यक्रमाने प्रश्न देशी भाषेत आणले आणि लहान गावांतील माणसांना त्या आसनापर्यंत पोहोचविले, हे त्याचे श्रेय कोणी नाकारू नये. पण खेळाची मांडणी मात्र उलटली. ‘व्हॉट्स माय लाइन?’ मध्ये थोर माणूस चाचपडत होता आणि सामान्य माणूस गालात हसत होता. येथे उत्तर थोर माणसापुढील यंत्रात दडलेले, आणि घाम फुटावयाचा तो सामान्य माणसाला. पन्नास डॉलरच्या खेळात माणसे समोरासमोर होती. एक कोटीच्या खेळात त्यांच्यामध्ये एक कोटी रुपये उभे राहिले.

जुन्या खेळांविषयीच्या हुरहुरीचे मर्म मला येथे सापडते. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविले आणि लोकांनी ते आवडीने पाहिले. कथा पुन्हा पाहता येते, कारण ती माहीत असली तरी तिचा रस आटत नाही. खेळाचे तसे नाही. निकाल कळल्यावर खेळातील प्राण निघून जातो. तरीही माणसे जुने खेळ आठवतात, त्या अर्थी त्यांना निकाल हवा असतो असे दिसत नाही. कोण जिंकले ते बहुतेकांना सांगताही येणार नाही. त्यांना आठवतो तो सोबतीचा काळ: एकच वाहिनी, एकच वेळ, आणि उत्तर पडद्यावर येण्याआधी खोलीतील कोणीतरी ओरडून सांगितलेले उत्तर. टेलिक्लबात सुरू झालेली पाहून बोलण्याची सवय त्या खोल्यांमध्ये शेवटपर्यंत टिकून होती. ती पुढे घरागणिक, मग खोलीगणिक आणि अखेर तळहातागणिक वाटली गेली.

गेलेली वाहिनी परत येणार नाही, आणि यावी असेही नाही, कारण तिच्या एकटेपणात सक्तीही होती. पण खेळावयास कोटी रुपये लागत नाहीत, आणि थोरामोठ्यांचीही गरज नसते. चार माणसे, एक प्रश्न आणि चुकले तर हसण्याइतके मोठे मन एवढी सामग्री आजही प्रत्येक घरात आहे. जुन्या खेळांच्या आठवणीने ज्यांचे मन हळवे होते, त्यांनी उसासा टाकून थांबू नये. घरातल्या मुलांना जवळ बोलावून पहिला प्रश्न विचारावा.