निष्क्रिय प्रकाशीय जाळे (पॉन)

घरी किंवा कार्यालयात फायबरने इंटरनेट येते, तेव्हा टेलिफोन एक्स्चेंज आणि ग्राहक यांच्यामध्ये बहुधा विजेवर चालणारे एकही यंत्र नसते. या रचनेला निष्क्रिय प्रकाशीय जाळे किंवा ‘पॉन’ म्हणतात. निष्क्रिय म्हणजे मधल्या टप्प्यात वीज न लागणारे.

रचना

एक्स्चेंजमधील ओएलटी हे यंत्र लेसरचा प्रकाश काचेच्या तंतूत सोडते. वाटेतल्या छोट्या पेटीत स्प्लिटर असतो. तो एका तंतूतील प्रकाश साधारणपणे 32 किंवा 64 तंतूंत वाटतो. ग्राहकाकडील ओएनटी हे यंत्र त्या प्रकाशाचे पुन्हा विद्युत संकेतांत रूपांतर करते. ‘जीपॉन’ प्रकारात ग्राहकाकडे येणारी माहिती 1490 नॅनोमीटर आणि परत जाणारी 1310 नॅनोमीटर तरंगलांबीवर जाते. त्यामुळे दोन्हींसाठी एकच तंतू पुरतो.

32 वाटे झाल्यावर प्रत्येकाला बत्तिसाव्या हिश्श्याहूनही कमी प्रकाश मिळतो. तरीही काम भागते, कारण काच अत्यंत शुद्ध असते. काचेतील अशुद्धी काढल्यास प्रकाश दूरवर नेता येईल, हे चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी 1966 मध्ये मांडले. काव यांना 2009 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या तंतूत 1550 नॅनोमीटरचा प्रकाश सुमारे 15 किलोमीटर गेल्यावरही निम्मा उरतो.

वीजबचत

कार्यालयांतील तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा 100 मीटर असते. म्हणून मोठ्या इमारतीत मजल्यामजल्यावर स्विच बसवावे लागतात. ते रात्रंदिवस चालतात आणि तापतात. त्यांच्या खोल्या थंड ठेवण्यासाठी आणखी वीज लागते. पॉनमध्ये मजल्यांवरील हे स्विच टाळता येतात. भारतनेट प्रकल्पात ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेतानाही ही पद्धत वापरली गेली. वीजपुरवठा बेभरवशाचा असलेल्या भागात वाटेवरच्या पेट्यांना वीज न लागणे हा मोठाच फायदा ठरतो.

मर्यादा

वाचलेली वीज ग्राहकाच्या टोकाला पुन्हा खर्च होऊ शकते. ओएनटी सतत चालू असतो. 10 वॅटचे यंत्र अखंड चालल्यास वर्षाला सुमारे 88 युनिट वीज लागते. म्हणून वापर नसताना ओएनटीने अर्धवट झोपी जाण्याची सोय मानकांत केलेली आहे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. जुन्या तांब्याच्या टेलिफोनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळे, त्यामुळे घरातले दिवे गेले तरी फोन चाले. काचेच्या तंतूतून अशी वीज येत नाही. ओएनटी बंद पडला की त्यावरचा फोनही बंद पडतो. म्हणून रुग्णालये, उद्वाहनातील आपत्कालीन फोन आणि एकटे राहणारे वृद्ध यांच्यासाठी ओएनटीला बॅटरीचा आधार असणे आवश्यक आहे.