शंभर वर्षांतून एकदा पडणारा पाऊस

सिरोंचाकडची जुनी माणसे पुराचे माप सांगताना आजही ‘शहाऐंशीचा पूर’ म्हणतात. त्या वर्षी १६ ऑगस्टला गोदावरीने खाली भद्राचलमला ७५.६ फुटांची पातळी गाठली होती. वर्धा आणि वैनगंगा मिळून झालेली प्राणहिता, बस्तरातून येणारी इंद्रावती, अशा चंद्रपूर-गडचिरोलीच्या नद्यांचे पाणी शेवटी तिथूनच समुद्राकडे जाते. म्हणून तिथल्या आकड्यात आमच्या पावसाचाही हिशेब असतो. गोदावरीने तिथे ७० फूट ओलांडल्याची वर्षे तीन: १९८६, १९९० आणि २०२२. पहिल्या दोन पुरांत चार वर्षांचे अंतर, पुढच्या दोघांत बत्तीस वर्षांचे. मग असा पूर किती वर्षांनी येतो म्हणायचे? आयुष्यभर शाळेत गणित शिकवले, पण निवृत्तीनंतर मला या प्रश्नाने धरून ठेवले आहे.

पुराची खूण भिंतीवर राहते. पावसाची कुठेच राहत नाही. तो मोजला तरच उरतो. तरीही मोजणी सुरू होण्यापूर्वी आमच्याकडे पावसाचा अंदाज बांधला जात होताच. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी या पट्ट्यात कोहळी समाजाने गोंड राजवटीत तलाव बांधले. तलावाची पाळ किती उंच घ्यायची आणि सांडवा किती रुंद ठेवायचा, हे ठरवताना त्या कारागिरांसमोर तोच प्रश्न होता: मोठ्यात मोठी झड किती पाणी आणील? उत्तर चुकले तर पाळ फुटे, आणि पुढचा बांधणारा त्यातून शिके. ही पिढ्यांची नोंदवही होती, फक्त ती कागदावर नव्हती.

कागदावरची नोंद इंग्रजी अमदानीत रुजली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि ठिकठिकाणची पर्जन्यमापके एका पद्धतीखाली येऊ लागली. आज चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.५ किंवा त्याहून अधिक झाला तर ‘अत्यंत जोरदार’. पण पावसाला साडेआठची वेळ ठाऊक नसते. पहाटे सुरू होऊन दुपारी थांबलेली एकच झड वहीत दोन दिवसांत वाटली जाते आणि दोन्ही आकडे साधारण दिसतात. म्हणून अभियंते अशा नोंदींवरून काढलेल्या कमाल पावसात सुमारे १३ टक्के वाढ धरतात.

या आकड्यांवरून न पाहिलेल्या पावसाकडे जाण्याची वाट ज्यांनी घालून दिली त्यांत एमिल गुंबेल हे जर्मन गणिती ठळक आहेत. नाझींच्या विरोधामुळे त्यांना हायडेलबर्गचे पद गमवावे लागले. पुढे ते फ्रान्समध्ये आणि नंतर अमेरिकेत गेले. १९४१ मध्ये त्यांनी पुरांच्या पुनरावृत्तिकालावर निबंध लिहिला, १९५८ मध्ये कमाल मूल्यांच्या संख्याशास्त्रावर ग्रंथ. रीत अशी: दरवर्षीचा एकच, सर्वांत मोठा दिवस घ्यायचा, ते आकडे उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यांतून एक वक्र काढायचा आणि तो पुढे वाढवायचा.

सारा धोका त्या ‘पुढे वाढवण्यात’ आहे. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ पुढची नव्व्याण्णव वर्षे निश्चिंत, असा नव्हे. दरवर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच. पन्नास वर्षे टिकणाऱ्या पुलावर असा पाऊस एकदा तरी येण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या आसपास होते. आता उलट बाजूने पाहा. एखाद्या केंद्राची वही तीस वर्षांची असेल, तर तिच्यात तो पाऊस एकदाही नसण्याची शक्यता ७४ टक्के. म्हणजे ज्या पावसासाठी पूल बांधायचा तो पाऊस वहीने बहुधा पाहिलेलाच नसतो.

यावर उपाय म्हणून शेजारच्या केंद्रांच्या नोंदी उसन्या घेतात. पण शेजार किती दूरचा? २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. फक्त कुलाब्यालाच मापक असते, तर तो दिवस इतिहासात साधा पावसाळी दिवस ठरला असता. भामरागडच्या डोंगरांत, जिथे दोन मापकांच्या मध्ये जंगलाचे मैलच्या मैल येतात, असे किती दिवस साधे ठरले असतील?

भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या एकत्र येतात. पर्लकोटेवरचा जुना ठेंगणा पूल वर्षानुवर्षे पावसाळ्यात बुडत आला आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटत आला. त्या दिवसांत बाळंतीण अडते, तापाचा रोगी अडतो, रेशन अडते. पुलाची उंची हा तिथे जगण्या-मरण्याचा आकडा आहे, आणि तो आकडा अखेर एका वहीतून निघतो.

त्यात आणखी एक पेच आहे. ही सारी रीत मागचा काळ आणि पुढचा काळ सारखाच, असे गृहीत धरते. २००६ मध्ये बी. एन. गोस्वामी व सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० च्या दैनिक नोंदी तपासल्या. मध्य भारतात मोसमाचा एकूण पाऊस फारसा बदललेला नव्हता. पण मुसळधार दिवस वाढले होते आणि मध्यम पावसाचे कमी झाले होते. २०१७ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दाखवले. वाटणीच बदलत असेल, तर आजोबांच्या काळातला शंभर वर्षांचा पाऊस नातवाच्या काळात पन्नास वर्षांचाही होऊ शकतो.

म्हणून आकडेच टाकून द्यावेत, असे मी म्हणणार नाही. मला उलट वाटते. वक्र काढणारा एक, पण वही भरणारे हजार हवेत. आश्रमशाळेच्या अंगणात एक मापक आणि रोज सकाळी साडेआठला ते वाचणारा एक विद्यार्थी, एवढे पुरते. गावातल्या म्हाताऱ्याला विचारून शहाऐंशीच्या पाण्याची उंची मंदिराच्या खांबावर रेघ मारून, तारखेसह नोंदवली, तर ती रेघही पुरावाच. आणि पुलाचा अंदाज मांडणाऱ्याने आकड्याशेजारी तो किती वर्षांच्या नोंदीवर उभा आहे तेही लिहावे. कोहळ्यांना फुटलेली पाळ दिसत होती. आपल्याला निदान वहीतली कोरी पाने तरी दिसावीत.